ओपन इलेक्टिव निवडताय? या चुका टाळा

जून-जुलैत इकडे विदर्भात पेरणी आणि कॉलेजचे प्रवेश एकाच वेळी येतात. पोरगं अर्ज भरायला येतं ते शेतातून अर्ध्या दिवसाची सवड काढून. मेजर, म्हणजे मुख्य विषय घरूनच ठरलेला असतो. मग अर्जात ओपन इलेक्टिवचा रकाना येतो आणि ठरलेला प्रश्न येतो, "सर, यातला सोपा कोनता हाय?"

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. पदवीत दुसऱ्या शाखेचं काहीतरी शिकायला मिळावं म्हणून हा रकाना ठेवलेला आहे. महाराष्ट्र शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयात ओपन इलेक्टिवला १० ते १२ क्रेडिट, म्हणजे तासांवरून मोजलेले श्रेयांक दिले आहेत. तीन वर्षांच्या पदवीचे एकूण क्रेडिट १२० ते १३२ असतात, म्हणजे पदवीचा साधारण बारावा हिस्सा याच निवडीवर ठरतो. बाकीचा बराचसा अभ्यासक्रम आधीच आखलेला असतो, इथे मात्र निवड विद्यार्थ्याची असते. शहरातली मुलं पैसे भरून क्लास लावतात. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी तसे क्लासच नाहीत, मग हातात आलेली ही जागा सोप्या पेपरसाठी का घालवायची?

उपयोगाचा विषय कसा ओळखायचा? घरात कोणतं काम अडतंय ते आधी पाहा. बी.एस्सी.च्या एका मुलीने वाणिज्य शाखेचा हिशेबाचा कोर्स घेतला आणि आईच्या बचत गटाचं रजिस्टर वर्गात आणलं. त्यात कर्जाचा हप्ता आणि व्याज एकाच रकान्यात लिहिलेलं होतं. त्यामुळे कोणत्या बाईकडे मुद्दल किती उरलं, हे गटात कोणालाच सांगता येत नव्हतं. तिने मुद्दल आणि व्याजाचे रकाने वेगळे केले, जुन्या पावत्या लावून नोंदी पुन्हा उतरवल्या, आणि पुढच्या बैठकीत ते रजिस्टर तिनेच वाचून दाखवलं. बी.ए.च्या मुलालाही असाच फायदा होऊ शकतो. विज्ञान शाखेचा मातीविषयीचा कोर्स घेतला तर घरी पडलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवरचा सामू आणि सेंद्रिय कर्ब म्हणजे काय, हे तो वडिलांना समजावून सांगू शकतो. अभ्यास घरच्या कामाला जोडला गेला की पेपरही जड जात नाही.

आपल्याच शाखेतला विषय घेणं

शासन निर्णयात स्पष्ट लिहिलं आहे की ओपन इलेक्टिव मेजर विषयाच्या शाखेबाहेरचाच घ्यायचा. बी.ए. मराठीवाल्याने इतिहास घेतला तर तो मानव्यविद्येतच राहिला, तो चालत नाही. त्याने विज्ञान किंवा वाणिज्याच्या यादीत पाहावं. मायनरचा, म्हणजे मेजरच्या जोडीच्या दुय्यम विषयाचा नियम वेगळा आहे, मायनर आपल्या शाखेतलाही असू शकतो. म्हणून "मित्राने तर भूगोल घेतला" हे ऐकून आधी विचारा की कशात घेतला, मायनरमध्ये की ओपन इलेक्टिवमध्ये. दोन्हींचे क्रेडिट वेगळे मोजतात, एकाचे जास्त झाले म्हणून दुसऱ्याची कमी भरून निघत नाही.

नदीपलीकडची यादी वापरणं

विदर्भात ही चूक फार होते आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा हे जिल्हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात येतात. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात येतात. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ मध्ये झालेल्या गोंडवाना विद्यापीठात आहेत. आता वणीची पोरगी बघा. तिची मावसबहीण वर्धा नदीच्या पलीकडे वरोऱ्याला शिकते. दोघींचं वर्ष एक, मेजर एक, विद्यापीठ मात्र वेगळं. बहिणीने पाठवलेली विषयांची यादी, सिलॅबस आणि प्रश्नसंच हिच्या काही कामाचे नाहीत. हिंगणघाटचा मित्र तर तिसऱ्याच विद्यापीठाचा.

विद्यापीठाच्या यादीत विषय आहे म्हणून तो आपल्या कॉलेजात शिकवतात असंही नाही. विद्यापीठ मोठी यादी देतं, कॉलेज त्यातले आपल्याकडे शिक्षक आहेत तेवढेच विषय चालवतं. नोटीस बोर्डावरची कॉलेजची यादी पाहा आणि सिलॅबस आपल्याच विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून घ्या. ग्रुपवर फिरणारी पीडीएफ उघडलीत तर पहिल्या पानावर विद्यापीठाचं नाव आणि वर्ष तपासा.

तास न मोजणं

थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास लागतात, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. म्हणजे २ क्रेडिटचा थिअरीचा कोर्स सेमिस्टरभरात ३० तासांत होतो, तेवढ्याच क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला ६० तास द्यावे लागतात. १५ आठवडे धरले तर आठवड्याला चार तास. हे तास बहुतेक दुपारी लागतात, आणि गावाकडे जाणारी शेवटची एसटी कधी सुटते ते तुम्हाला ठाऊकच आहे. अर्ज भरण्याआधी टाइमटेबल मागा. ते तयार नसेल तर विभागातल्या सरांना तास कधी घेणार ते विचारा. मुलींनी तर हे विचारल्याशिवाय प्रॅक्टिकलचा कोर्स घेऊच नये. पुढे बस चुकते, मग हजेरी कमी पडते, आणि शेवटी घरचे म्हणतात की कॉलेजच नको. निवड आधीच चुकली असेल तर पहिल्या आठवड्यातच विषय बदलण्याचा अर्ज द्या. परीक्षा फॉर्म भरून झाल्यावर बदल जवळपास होत नाही.

न विचारता ‘स्वयं’वर नाव नोंदवणं

कॉलेजात एकच शाखा असेल, तर बाहेरच्या शाखेचे विषय तिथे मोजकेच असतात. अशा वेळी ‘स्वयं’ हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ खरोखर उपयोगाचं आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंतचे कोर्स त्यावरून घेता येतात. पण कोणता कोर्स कोणत्या विषयाच्या जागी चालेल हे विद्यापीठ आणि कॉलेज ठरवतं. आधी लेखी परवानगी घ्या, त्यात कोर्सचं नाव आणि क्रेडिट लिहून घ्या, मगच नोंदणी करा. कोर्स पुरा झाल्यावर प्रमाणपत्र घेऊन ऑफिसात गेलात आणि ‘हा आपल्या यादीत नाही’ असं उत्तर मिळालं, तर सगळी मेहनत वाया गेली.

नोंदणीला पैसे लागत नाहीत. परीक्षेसाठी मात्र वेगळा फॉर्म आणि वेगळी फी असते आणि त्याची मुदतही वेगळी असते. बहुतेक मुलं इथेच गळतात. ‘स्वयं’वर कोर्स देणाऱ्या एनपीटीईएल या संस्थेच्या कोर्समध्ये असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. प्रमाणपत्र हवं असेल तर असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० लागतात. जुलैत सुरू झालेल्या कोर्सच्या असाइनमेंट नेमक्या सोयाबीनच्या सोंगणीत येतात आणि परीक्षा कापूस वेचणीत. दर आठवड्याच्या तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, घरच्यांनाही दिसू द्या. शेतात रेंज नसते, म्हणून व्हिडिओ आदल्या रात्रीच उतरवून घ्या.

एबीसी आयडीसाठी दुसऱ्याचा मोबाइल देणं

तुमचे क्रेडिट ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात आणि त्याचा आयडी डिजिलॉकरमधून निघतो. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर कामासाठी पुण्याला गेलेल्या दादाचा असला की ऐन वेळी सगळं अडतं. नेट कॅफेवाल्याचा नंबर तर अजिबात देऊ नका. प्रवेशाच्या आधी आधारला स्वतःचा किंवा घरात राहणाऱ्या माणसाचा नंबर जोडून घ्या.

नावाचा घोळ याहून मोठा आहे. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं अक्षर, लग्नानंतर आधारवर बदललेलं आडनाव, या सगळ्यांमुळे नोंद जुळत नाही. सेमिस्टर संपायची वाट पाहू नका. दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा आणि आधारमधलं नाव दुरुस्त करून घ्या. क्रेडिट जमा दिसत नसतील तर कॅफेत जाऊन उपयोग नाही, ते विद्यापीठ चढवतं, विद्यार्थ्याला चढवता येत नाहीत. आयडीची प्रत जोडून कॉलेजच्या परीक्षा विभागात अर्ज द्या.

निकालात गैरहजर दाखवलं तर

पेपर दिला, तरी ओपन इलेक्टिवसमोर गैरहजर लिहून आलं, तर बहुतेक वेळा कारण विषयाच्या कोडमध्ये सापडतं. मुलगा वर्गात एका कोर्सला बसलेला असतो आणि फॉर्मवर भलत्याच कोर्सचा कोड पडलेला असतो. ओपन इलेक्टिवचे कोड एकसारखे दिसतात, एखाद्या आकड्याचाच फरक असतो. फॉर्म सबमिट करण्याआधी कोड सिलॅबसशी ताडून पाहा, हॉल तिकीट हाती आलं की पुन्हा पाहा. तरीही चूक राहिलीच तर हॉल तिकीट, फॉर्मची प्रिंट आणि त्या कोर्सच्या शिक्षकांची हजेरीबद्दलची सही जोडून अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या, कारण पुढच्या खेपेला खिडकीवर दुसरे बाबू असले तर तोच कागद दाखवावा लागतो.