मोर्चा काढण्याआधी: नवी मुंबईकरांसाठी

सामान्य माणसाने आंदोलनात पडावं का? पडावं, पण सुरुवात घोषणांनी करू नये. आधी प्रश्न नेमका कोणाच्या हद्दीतला ते शोधा. भूखंड सिडकोचा, गटार महापालिकेचं आणि निवेदन भलत्याच टेबलावर, असं इथे सर्रास होतं.

मग लेखी अर्ज. एक पान, एकच मागणी, सेक्टर आणि प्लॉट क्रमांक, तारखेसह फोटो. दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडू नका. साहेबांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला फोटो म्हणजे तक्रार नव्हे.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. इथे लोक चुकतात ते प्रश्नात. ‘काम का झालं नाही?’ याला उत्तर मिळत नाही. ‘अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणीची (फाइलवर लिहिलेल्या शेऱ्यांची) प्रत द्यावी’ याला द्यावं लागतं. उत्तराविना ३० दिवस उलटले की पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

तरीही काही हललं नाही तर धरणं. पोलीस ठाण्यात निदान आठवडाभर आधी अर्ज द्या: जागा, वेळ, अंदाजे संख्या, आयोजकांचे फोन. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी असेल, तर विनापरवाना ५ जण जमले तरी गुन्हा दाखल होऊ शकतो. आणि शनिवार-रविवार टाळा. गर्दी जमेल, पण निवेदन घ्यायला कार्यालयात कोणी नसेल.