काँक्रीट फिनिशिंगच्या कामात नवीन आहात? कोणतं अवजार कधी हातात घ्यायचं ते आधी शिका

नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसी आणि मिहानच्या पट्ट्यात गोदामांच्या, कारखान्यांच्या फरशीची कामं चालू असतात आणि शहरात सिमेंट रस्त्यांची. आयटीआय किंवा डिप्लोमा करून या कामात येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. अवजारांची नावं चार दिवसांत पाठ होतात. ताज्या मालावरचं, म्हणजे ओल्या काँक्रीटवरचं, पाणी बघून कोणतं अवजार कधी उचलायचं, हे कळायला मात्र वेळ लागतो आणि खरी कारागिरी तीच आहे. बरोबर अवजार चुकीच्या वेळी फिरवल्यामुळे बिघडलेल्या फरशा मी भरपूर पाहिल्यात.

थापी, लाकडी रंधा (माल सपाट करायची मुठीची फळी), स्टीलचा गुरमाला (शेवटी गुळगुळीत करायची मुठीची पट्टी), स्पिरिट लेव्हल आणि मीटर टेप या वस्तू स्वतःच्या घ्या. दुसऱ्याच्या गुरमाल्यावर हात बसत नाही. नव्या गुरमाल्याचे कोपरे धारदार असतात आणि ओल्या मालावर रेघा ओढतात. कानशीने ते हलके मारून घ्या. घासून गुळगुळीत झालेला जुना गुरमाला मिस्त्री कोणाला देत नाहीत, त्याचं कारण हेच.

माल पडला की आधी नीडल व्हायब्रेटर, म्हणजे माल हलवून दाबून बसवणारी थरथरती सुई. सुई उभी आणि झटकन आत घालायची, सावकाश बाहेर काढायची. व्हायब्रेटरने माल ढकलत नेऊ नका, गिट्टी एकीकडे आणि पाणी-सिमेंट दुसरीकडे जातं. मग ॲल्युमिनियमची फंटी (लांब सरळ पट्टी) किंवा मोठ्या कामावर स्क्रीड व्हायब्रेटर (थरथरणारी फंटी) लेव्हलवर ओढायचा आणि लगेच बुल फ्लोट, म्हणजे लांब दांड्याची रुंद फळी. तो पाणी वर यायच्या आतच फिरवून झाला पाहिजे.

आणि आता थांबायचं. नव्या माणसाला सगळ्यात जड जातं ते हेच. गिट्टी-रेती खाली बसते, पाणी वर येतं आणि पृष्ठभाग चमकू लागतो. ती चमक असताना गुरमाला फिरवला तर वरचं पाणी परत आत कोंबलं जातं. वरचा थर कमजोर होतो, पुढे पापुद्रे सुटतात आणि गोदामात फोर्कलिफ्ट फिरली की धूळ उडते. पाणी लवकर आटावं म्हणून कोरडं सिमेंट भुरभुरणारे ठेकेदार आजही भेटतात. फरशी त्या दिवशी सुंदर दिसते आणि वर्षभरात वरचा थर सुटायला लागतो. उलट माल घट्ट झाला म्हणून वरून पाणी शिंपडणं, तेही तितकंच वाईट.

चमक गेली की गमबूट घालून हलकं उभं राहून बघा. ठसा जेमतेम पाच-सहा मिलिमीटर उमटला तर पॉवर ट्रॉवेल, म्हणजे फरशी घासणारं फिरतं मशीन, खाली गोल डिस्क लावून चालवता येतं. डिस्कचं काम झालं की पाती. पहिल्या फेरीत पाती जवळजवळ आडवी, पुढच्या प्रत्येक फेरीत थोडी थोडी उभी करत जायचं. घाईने कोन वाढवला की लाटा पडतात आणि गरजेपेक्षा जास्त घासलं की काळे डाग उमटतात. भिंतीलगत, कॉलमभोवती मशीन पोचत नाही, तिथे रंधा आणि गुरमालाच. नवीन असाल तर मिस्त्रींकडे या कडांचं काम मागून घ्या, भाऊ. शेवटच्या हाताला स्टील मालावरून फिरताना खणखणीत आवाज येऊ लागतो. तो आवाज एकदा ओळखीचा झाला की घड्याळ बघावं लागत नाही.

घड्याळ तसंही नागपुरात फारसं कामाचं नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, गरम वारा सुटतो आणि पाणी वर येण्याआधीच उडून जातं. चमक दिसत नाही म्हणून माल तयार झाला असं समजू नका. वरून सुकलेला आणि आतून ओला असतो, त्यावर मशीन घातलं की कातडीसारखा थर सरकतो. त्यात इथे राखेचं सिमेंट सर्रास वापरलं जातं. कोराडी-खापरखेड्याला औष्णिक केंद्रं आहेत, राख जवळच मिळते. राखेच्या मालातून पाणी कमी वर येतं, म्हणून उन्हाळ्यात ताज्या फरशीवर बारीक भेगा लवकर पडतात. काँक्रीट टाकताना मालाचं तापमान ४० अंशांच्या वर नको, असं आयएस ७८६१ हे भारतीय मानक सांगतं. म्हणून मोठी कामं रात्री घ्यावी लागतात. वाऱ्याच्या बाजूला हिरवी नेट बांधा, फेऱ्यांच्या मधल्या वेळेत प्लॅस्टिक पांघरून ठेवा. डिसेंबरात सगळं उलट होतं. थंडीत माल सेट व्हायला वेळ लागतो आणि फिनिशिंगची टोळी मध्यरात्रीपर्यंत बसून राहते. त्या रात्री कंटाळून मशीन लवकर घालायचा मोह होतो, त्याला बळी पडू नका.

ट्रिमिक्सच्या कामात फिल्टर मॅट अंथरून व्हॅक्यूम पंपाने जादा पाणी ओढून घेतात, त्यामुळे मशीन बरंच लवकर चालवता येतं. मॅटच्या कडा नीट चिकटल्यात का ते आधी तपासा. हवा शिरली की पंप नुसताच ओरडतो. रस्त्यावर मात्र गुळगुळीतपणा चालत नाही. तिथे टायर धरावा म्हणून ब्रश किंवा दातेरी पट्टीने आडव्या रेघा ओढतात, त्याही माल ओलसर असतानाच.

फरशी घट्ट झाली की कटरने सांध्याच्या खाचा मारतात. त्याला उशीर केला तर काँक्रीट भेग पाडून स्वतःच आपली रेघ मारून घेतं, आणि ती सरळ नसते. खाचेची खोली फरशीच्या जाडीचा चौथा ते तिसरा हिस्सा, म्हणजे १५० मिलिमीटरच्या फरशीला साधारण ४० ते ५० मिलिमीटर. कटरच्या पात्यावर पाणी चालू ठेवा आणि मास्क लावा, ती धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. क्युरिंगला, म्हणजे फरशी ओली ठेवून पक्की करायला, ओलं गोणपाट. आयएस ४५६ प्रमाणे उष्ण-कोरड्या हवेत किमान १० दिवस, राखेचं सिमेंट असेल तर १४ दिवस पाणी द्यावं.

ओलं सिमेंट कातडी जाळतं आणि ते सुरुवातीला दुखतही नाही. गमबूट, रबरी हातमोजे आणि गुडघ्याखाली फळी याशिवाय मालावर उतरू नका. बुटात सिमेंटचं पाणी शिरलं तर काम संपायची वाट न बघता बूट काढा आणि पाय स्वच्छ पाण्याने धुवा.