शाडूवरून स्क्रीनवर येताना: या चुका टाळा

शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि संध्याकाळी कॉम्प्युटर लॅब सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. त्यामुळे स्क्रीनवर कुणाचा तरी चेहरा घडवणाऱ्या मुलांकडून दर सेमिस्टरला तेच ऐकते: "ताई, सगळं मापात आहे, पण चेहरा त्यांच्यासारखा दिसतच नाहीये." फाइल बघण्याआधी मी रेफरन्स फोटो मागते. निघतो काय, तर हातभर अंतरावरून मोबाइलने काढलेला, समोरचा एकुलता एक फोटो. झालं!

फोनचा मुख्य कॅमेरा वाइड असतो. सगळा चेहरा मावतो म्हणून आपण खुशाल जवळ जातो. पण हातभर अंतरावर नाक लेन्सच्या पुढ्यात येतं आणि कान त्या मानाने बरेच लांब राहतात. मग फोटोत नाक फुगतं, कान मागे पळतात, जबडा निमुळता होतो. दोष लेन्सचा नाही, अंतराचा.

हे मला फुकट कळलेलं नाही. दुसऱ्या वर्षाला ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आजोबांचा बस्ट, म्हणजे डोकं-खांद्यांचा पुतळा, करायला घेतला. फोटो असाच, जेवणाच्या टेबलावर समोर बसून काढलेला. पहिल्या तासातच मल्टिरेसच्या (मॉडेलची जाळी पायरीपायरीने बारीक करणाऱ्या सोयीच्या) पायऱ्या चढत गेले, कारण मला कपाळावरच्या आठ्या करायची घाई. दोन रात्री जागून त्वचेची रंध्रंसुद्धा उमटवली. सरांनी माऊस हातात घेतला, मॉडेल बाजूने फिरवलं आणि इतकंच विचारलं, "यांचं डोकं मागे कुठे संपतं?" कानामागे डोकं जवळजवळ नव्हतंच. सुरकुत्या घातलेला बटाटा होता तो. आजी तर म्हणाली, "हे आपल्यातले नाहीत."

आता माझी सवय अशी: माणसाला स्टुलावर बसवायचं, आपण दोन मीटर मागे सरकायचं आणि दुप्पट झूम करायचं. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवायचा. समोरून, दोन्ही बाजूंनी, दोन्ही तिरक्या कोनांतून आणि मागून, असे सहा फोटो. मागून काढायला सगळे विसरतात. ब्लेंडरचा व्ह्यूपोर्टही, म्हणजे मॉडेल दिसतं ती खिडकी, मुळात ५० मिमीच्या लेन्सवर असतो. एन दाबलं की उघडणाऱ्या पट्टीत तो आकडा मी ८५ करते.

आणि त्या पायऱ्यांबद्दल. मल्टिरेसची प्रत्येक पायरी जाळीतले तुकडे चौपट करते. दहा हजारांची जाळी सहा पायऱ्या चढली की चार कोटींच्या वर जाते. लॅबमधली मशीन तिथे मान टाकते आणि मुलं मशीनला शिव्या देतात. शाडूत आपण आधी गोळा लावतो, पट्टीने ठोकून प्रतलं (मोठे सपाट भाग) काढतो, पापणीकडे वळतो ते कितीतरी नंतर. स्क्रीनवर तेवढा धीर का धरवत नाही, देव जाणे. मी मॉडेल सपाट काळं करून नुसती बाह्यरेषा बघते. त्या काळ्या आकारात माणूस ओळखू आला नाही, तर बारीक ब्रशला हात लावत नाही. रेडिमेड डोकं डाउनलोड करून त्यावर नाक ओढणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांची सगळी डोकी भावंडं दिसतात, एवढंच.

सिमेट्री (एका बाजूचं काम दुसरीकडे आपोआप उमटणं) शेवटपर्यंत चालू ठेवू नका. कुणाचाही चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो.

प्लास्टरच्या कामाचा फोटो काढताना फ्लॅश बंद. खिडकीचा एका बाजूने येणारा उजेड घ्या, आणि एक्स्पोजर थोडं वाढवा. नाहीतर कॅमेरा पांढऱ्याचा राखाडी करतो.

ओल्या शाडूचं फोटोंवरून थ्रीडी स्कॅन करू नका. पृष्ठभाग चमकतो, चमक कॅमेऱ्याबरोबर सरकते आणि सॉफ्टवेअर गोंधळतं. मातीचा ओलेपणा उडू द्या.

सायनोटाइपवाल्यांनो, म्हणजे उन्हात निळे प्रिंट काढणाऱ्यांनो, मे महिन्याच्या उन्हातली मिनिटं जुलैच्या ढगांना लावू नका. आधी कागदाच्या पट्टीवर चाचणी घ्या. आणि बादली स्वच्छ हवी. एकाने कपडे भिजवलेल्या बादलीत प्रिंट धुतले; तळाशी पावडर राहिली होती. क्षारामुळे निळा रंग डोळ्यांदेखत पिवळट पडला. "पण लगेच हवे होते," हे त्याचं स्पष्टीकरण. साध्या पाण्याने विसळायला बादलीला अर्धं मिनिट लागतं.

थ्रीडी प्रिंटला एसटीएल फाइल (मॉडेलचा आकार साठवणारी) देताना माप तपासा. त्या फाइलमध्ये एकक नसतं. ब्लेंडरमधला एक मीटर स्लायसरमध्ये (प्रिंटरसाठी मॉडेलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एक मिलिमीटर होऊन बसतो. मागच्या आठवड्यात एका मुलीचा अख्खा गणपती तांदळाच्या दाण्याएवढा आला होता. तिने तो डबीत घालून ठेवलाय, आणि मला विचारत होती, सोंड मोडेल का पॉलिश करताना.