सागवानी पाटीवर सीएनसीने नाव कोरताना

दारावरच्या पाटीसाठी २२० × १२० मिमी, १८ मिमी जाड, नीट वाळलेली सागवानी फळी घ्या. ३०१८ मशीनवर (संगणकावरून चालणारं, ३०० × १८० मिमी जागेचं छोटं सीएनसी कोरणीयंत्र) ती क्लॅम्पसकट बसते. लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने हव्यात, म्हणजे शिरोरेखा रेषांबरोबर जाते आणि कडा तुटत नाहीत.

खरी गोम फाइलमध्ये असते. देवनागरी फाँटची अक्षरं शिरोरेखेत एकमेकांवर चढलेली असतात. ती तशीच ठेवली तर सॉफ्टवेअर त्या जागा बेट समजून न कोरता सोडतं. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी मजकुराचे पाथ (बाह्यरेखा) करा, मग युनियन, म्हणजे त्या जोडून एकच आकार करा. अनुस्वार आणि काने झूम करून तपासाच.

बिट, म्हणजे कोरणारं पातं, व्ही आकाराच्या टोकाची, ६० अंशांची, ६ मिमी व्यासाची. खोली म्हणजे रेघेची रुंदी भागिले १.१५: ५ मिमी रेघ साधारण ४.३ मिमी खोल जाते. म्हणूनच फळी एका टोकाला अर्धा मिमी उंच असली, तरी शिरोरेखा तिथे जवळपास ०.६ मिमी जाड दिसते. चारही कोपऱ्यांवर बिटचं टोक आणि फळी यांच्यामध्ये कागद सरकवून झेड, म्हणजे बिटची उंची, तपासा. फरक आला तर फळीखाली ठेवलेला एमडीएफचा तक्ता मशीनवरच सपाट करून घ्या.

सुरुवातीला बिट सरकण्याचा वेग मिनिटाला ४०० मिमी, पास (एका फेरीतली खोली) ०.५ मिमी. जळका वास आला तर वेग वाढवा. तरीही येत असेल तर बिट बोथट झाली आहे. सागातली सिलिका धार लवकर खाते. भुसा बारीक असतो, मास्क लावा.

रंगाआधी खाचांत शेलॅकचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात द्या, नाहीतर काळा रंग रेषांतून पसरतो. रंग वाळल्यावर वरचा भाग १८० नंबर पॉलिश पेपरने घासा.