सोलापूरहून एका दिवसाच्या मुंबईला निघण्याआधी

दर उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर आमच्याकडे सोलापूरची माणसं मुंबई बघायला येतात. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये झोपायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, दिवसभर फिरायचं आणि रात्री सिद्धेश्वरनंच परत. राहण्याचा खर्च नाही, रजाही एकच पडते. बेत छान आहे, पण त्याची निम्मी तयारी घरूनच करून निघावी लागते. बरोबर आई-आजी आणि लहान मुलं असतील तर जास्तच.

आधी वार ठरवा. मंगळवार ते शुक्रवार उत्तम. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी बऱ्याच गाड्या बंद, आणि गेटवे ऑफ इंडियाला पाय ठेवायला जागा नसते. सोमवारी घारापुरीची (एलिफंटाची) लेणी बंद. तसंही एका दिवसात घारापुरी आणि शहर दोन्ही करायला जाऊ नका. बोटीचा जायचाच तासभर, वर शंभरावर पायऱ्या, परत येईपर्यंत दुपार कलते. आजीचे गुडघे दुखत असतील तर शहरच बघा, लेण्यांसाठी पुन्हा कधीतरी या. गटात सगळ्यात हळू चालणारं माणूस जितकं चालेल तितकीच त्या दिवसाची मुंबई, हे आधीच मान्य केलं की पुढे चिडचिड होत नाही.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जायचं आणि परतीचं तिकीट ज्या त्या दिवशी उघडताच काढा आणि वडीलधाऱ्यांना खालचा बर्थ मागा. जायची गाडी रात्री बारापूर्वी सुटते, त्यामुळे तिकिटावर आदल्या दिवसाची तारीख हवी. ही चूक आमच्याच घरात झाली आहे.

सामानाची बॅग कुलूप लागणारी घ्या. सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग ठेवून घेत नाहीत, प्रवासाचं तिकीटही बघतात. त्या बॅगेत खाण्याचं काही ठेवू नका. अंगावर फक्त एक सॅक, तीही गर्दीत पोटाशी. तिच्यात पाण्याच्या बाटल्या, आजीच्या दुपारच्या गोळ्या, टोपी, नॅपकिन, पॉवर बँक आणि सुट्टे पैसे. सुट्टे सुलभ शौचालयासाठी लागतातच. बायकांनी स्टेशनवर आणि पुढे म्युझियममध्ये, गरज वाटो न वाटो, जाऊन यावं, कारण मधल्या रस्त्यावर बरी सोय सापडेलच असं नाही. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणा. दोन्ही टिकतात, आणि अकरा वाजता मुलं भुकेनं रडायला लागली की हॉटेल शोधत बसावं लागत नाही. नव्या चपला मात्र घालू नका. मुंबई बघायला म्हणून हौसेनं घेतलेल्या चपलांनी माझ्या आईच्या टाचेला दुपारी एकलाच फोड आला होता. सोनं घरी ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची तयारी. काही वर्षांपूर्वी संध्याकाळी दादरला लोकलमध्ये चढताना मागून रेटा आला. काकू आत गेल्या, आम्ही फलाटावर राहिलो. त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये. पुढे काय करायचं हे कुणीच ठरवलेलं नव्हतं. त्या घाबरून बसून राहिल्या आणि कुर्ल्याला कुणीतरी उतरवलं तेव्हा उतरल्या. सापडायला दोन तास गेले. सापडल्या तेव्हा पदराचं टोक मुठीत इतकं घट्ट धरलेलं होतं की बोटं सोडवावी लागली. तेव्हापासून नियम असा: जो गाडीत गेला त्यानं पुढच्याच थांब्याला उतरायचं आणि उतरल्या जागी उभं राहायचं. मागे राहिलेल्यांनी तशीच थांबणारी पुढची गाडी पकडून तिथे पोचायचं. गाडी धीमी (प्रत्येक स्टेशनला थांबणारी) होती की जलद (मोजक्याच स्टेशनांना थांबणारी), तेवढं फलाटावरच्या इंडिकेटरवर बघून ठेवायचं. रस्त्यावर चुकामूक झाली तर शेवटचं सगळे जिथे एकत्र होते तिथेच परत यायचं. हा नियम निघण्याआधी घरी मुलांकडून आणि आजीकडून तोंडानं म्हणवून घ्या. प्रत्येकाचा फोन प्रत्येकाच्याच जवळ. शिवाय एक चिठ्ठी, तिच्यावर नाव आणि दोन मोबाइल नंबर. ती लहान मुलाच्या खिशात सेफ्टी पिननं टाचायची, आजीच्या बटव्यात ठेवायची. फोनची बॅटरी संपली की नंबर कुणाला आठवत नाहीत. रेल्वेचा मदतीचा नंबर १३९ त्या चिठ्ठीवरच लिहा.

एवढं करूनही मी म्हणेन की सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत लोकलमध्ये चढूच नका. तुम्ही उतरता तेच मुळी दक्षिण मुंबईत, बघायचं बहुतेक सगळं जवळच आहे. मुलांना लोकलची हौस असेल तर दुपारी बारा ते तीनमध्ये चर्चगेटहून चर्नी रोडपर्यंत जाऊन या. इथे रिक्षा मिळत नाही, ती वांद्रे आणि शीवच्या अलीकडे येत नाही. काळी-पिवळी टॅक्सी मीटरनं घ्या. पाच जण असाल तर दोन टॅक्सी लागतील, तेवढे पैसे धरून चला.

सामान ठेवलं की स्टेशनातून पळू नका. १८८७ची ही इमारत म्हणजे निम्मी मुंबई आहे. लोकलच्या तिकीटघरात मान वर करा, छतावर तारे रंगवलेले आहेत. बाहेर दगडात मोर, माकडं, घुबडं कोरली आहेत, दारावर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ. मुलांना प्राणी मोजायला लावा, अर्धा तास सहज जातो. मग उन्हं चढायच्या आत गेटवे. १९२४ साली पूर्ण झालेल्या याच कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी निघून गेली, हे मुलांना तिथे उभं राहून सांगा. सव्वादहाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडतं, भर उन्हाचे दोन तास तिथे सावलीत काढा. त्यानंतर काळा घोडा चौक, राजाबाई टॉवर हा घड्याळाचा मनोरा बाहेरून, आणि हुतात्मा चौक. मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराच्या पुतळ्यापाशी मी पाहुण्यांना नेहमी थांबवते. ज्यांच्या जिवावर मुंबई महाराष्ट्राला मिळाली त्यांच्यापुढे दोन मिनिटं उभं राहायला हवं.

जेवणानंतर एक तास काहीही ठेवू नका. ओव्हल मैदानाच्या कडेला झाडाखाली बसा.

पाचला मरीन ड्राइव्ह. कट्ट्याखाली लाटा अडवायला टाकलेल्या काँक्रीटच्या टेट्रापॉडवर कुणालाही उतरू देऊ नका, फोटोसाठीसुद्धा नाही. सूर्य समुद्रात बुडेपर्यंत कट्ट्यावर बसायचं आणि दिवे लागले की साडेसात-आठला टॅक्सीनं थेट सीएसएमटी. रात्री क्लोकरूमला रांग असते. पावतीचा फोटो सकाळीच दोघांच्या मोबाइलमध्ये काढून ठेवा. लांबच्या गाड्या आठ नंबरपासून पुढच्या फलाटांवर लागतात, चालायला बरंच आहे, आजीला आधी बाकावर बसवून मग सामान आणा. चादर आणि रात्रीच्या गोळ्या बॅगेत सगळ्यात वर ठेवल्या असतील तर डब्यातले दिवे गेल्यावर बॅग उपसावी लागत नाही.