मिरगाआधी टाकी कोरडी करा

देवगडात आंब्याचा हंगाम आटोपला की फवारणीचे पंप खोपीत जातात, ते पावसाळा सरल्यावरच बाहेर येतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पंपांच्या इंजिनाच्या बहुतेक पेट्रोल-टाक्या याच काळात सडलेल्या असतात. चालतं यंत्र सहसा गंजत नाही, पडून राहिलेलं गंजतं. म्हणून सगळी काळजी ठेवतानाच घ्यायची, तीही मिरगाचा पाऊस लागण्याआधी.

आताच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलापासून सुटतात आणि तळाला बसतात. पत्रा तिथूनच खायला सुरुवात होते. ‘टाकी गच्च भरून ठेव’ हा जुना सल्ला थोड्या दिवसांसाठी ठीक, पण चार महिन्यांसाठी टाकी पूर्ण रिकामी करा. नंतर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरही (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) कोरडा होतो. मग टाकीत थोडं टू-टी ऑईल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) घालून ती उलटीसुलटी फिरवा. आतून वरच्या पत्र्यालाही तेल लागलं पाहिजे, कारण रात्री हवा गार झाली की बाष्प तिथेही थेंब धरतं. उरलेलं तेल काढून झाकण घट्ट लावा. झाकणाचं रबर चिरलं असेल तर आधी तेच बदला. ग्रासकटरची टाकी प्लास्टिकची असेल तर गंजाची चिंता नाही, कार्बोरेटर मात्र कोरडा कराच.

आत गंज धरलाच असेल तर टाकी उतरवून उघड्यावर न्या, जवळ विडी-काडी नको. पेट्रोल काढा, कॉक (टाकीची तोटी) काढून भोक बुजवा आणि पांढरं व्हिनेगर भरून एक दिवस ठेवा. मग सायकलची जुनी साखळी आत सोडून खळखळवा. खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच उन्हात कडकडीत वाळवा आणि तासाभराचाही वेळ न दवडता तेल फिरवा. उघडा पडलेला ओला पत्रा डोळ्यांदेखत पुन्हा तांबडा होतो. पत्र्याला बारीक भोकं दिसली तर टाकी बदला. पेट्रोलाच्या टाकीला घरी वेल्डिंग कधीच करू नका.

कोयते, करवती, नटबोल्टचे पाने यांचं काम सोपं आहे, पण क्रम चुकवू नका. समुद्राकाठच्या हवेत लोखंडावर मीठ बसतं. त्यावर तेल लावलं तर गंज तेलाखालीच वाढत राहतो. आधी गोड्या पाण्याने धुवा, आंब्याचा चीक रॉकेलने पुसा, वाळवा आणि मग तेल लावा. खोबरेल कालांतराने चिकट होतं. इंजिनचं काळं झालेलं तेलही नको, त्यात आम्ल असतं. नवं मशीन ऑईल घ्या.

हत्यारं गोणपाटात गुंडाळू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, सिमेंटच्या जमिनीवर टेकवू नका. भिंतीला फळी मारून त्यावर टांगा. गणपतीत एखादा दिवस ऊन पडलं की सगळी खाली काढा, पुसा आणि तेलाचा हात पुन्हा फिरवा.