वाफसा येईपर्यंत युरिया गोणीतच राहू द्या

द्राक्षबागेची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी झाली, पोंगे (नवे कोंब) फुटले आणि वरून पाऊस. निफाड, दिंडोरी, चांदवडकडे हे आता नवीन राहिलेलं नाही. पाऊस उघडला की दोन-तीन दिवसांत फुटवा फिका पडतो, पानांच्या कडा पिवळ्या दिसायला लागतात. बागाईतदार घाबरतो आणि व्हेंच्युरीला (ठिबकमधून खत सोडणाऱ्या नळीला) युरिया नाहीतर अमोनियम सल्फेट जोडतो. मंडळी, एवढं एक करू नका. कादवेच्या काठच्या काळ्या जमिनीत मी अशा बागा बघितल्यात. डाऊनी (पानाघडावरची बुरशी) आवरली होती, घड शाबूत होते, आणि चिखलात बसलेल्या मुळीला वरून नत्र पाजलं. आठवड्यात घड जिरले, म्हणजे सुकून नाहीसे झाले.

त्या पिवळेपणाचं कारण बहुतेक वेळा जमिनीत नत्र कमी असणं हे नसतं. मुळीला हवा नसते, म्हणून ती काही उचलत नाही. युरिया जमिनीत पडला की दोन-चार दिवसांत त्याचं अमोनियम होतं. वाफसा, म्हणजे जमिनीत ओल आणि हवा दोन्ही बेताची, असेल तर जमिनीतले जिवाणू त्या अमोनियमचं नायट्रेट करतात, पण त्यांना प्राणवायू लागतो. पाणी साचलेल्या बेडवर हे काम थांबतं आणि अमोनियम तसंच पडून राहतं. आता तर युरिया निमकोटेडच मिळतो. कडुनिंबाचा लेप हेच रूपांतर मुद्दाम लांबवतो. एरवी तो फायद्याचा, चिखलात मात्र नाही.

नायट्रेट जास्त झालं तर झाड ते पेशीत साठवून ठेवतं आणि सवडीने वापरतं. अमोनियमचं तसं नाही. ते मुळीत शिरलं की तिथंच त्याला साखरेपासून बनलेल्या कर्बाशी जोडून ग्लुटामिन करावं लागतं. ही साखर पानांतून येते. ढगाळ हवेत पान फारशी साखर करत नाही, छाटणीनंतर पानंही कोवळी आणि मोजकीच, वेल काडी-मुळांतल्या साठ्यावर जगत असते. मग अमोनियम तुंबतं. मुळीचे शेंडे तपकिरी पडतात, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅश) उचलणं मंदावतं, पानाच्या कडा करपतात. ते पान हुबेहूब पालाशच्या कमतरतेसारखं दिसतं. पान दुकानात दाखवलं की पालाशची पिशवी हातात येते. देठ परीक्षण (पानाच्या देठाची प्रयोगशाळेत तपासणी) केलं तर कित्येकदा पालाश पुरेसं निघतं.

म्हणून आधी मुळी बघा. ड्रिपरखाली वीतभर उकरा. पांढरी, कडक, टचकन तुटणारी मुळी दिसली तर पुढचा विचार करा. तपकिरी असेल, साल बोटाला निघून येत असेल, कुबट वास येत असेल, तर नत्र देऊ नका. चार-सहा इंच खालची माती मुठीत दाबा. गोळा होऊन बोटाने दाबल्यावर फुटला तर वाफसा. चिकटून राहिला तर थांबा. कोरड्या माथ्यावरून अंदाज काढू नका, भारी जमीन वरून भेगाळते आणि खाली चिखल असतो.

वाफसा येईपर्यंतची कामं:
- ओळींमधून चर काढून पाणी बाहेर
- ड्रिप बंद
- बेडवर हलकी टिचणी (वरची माती मोकळी करणं)
- दाट फुटवा विरळणी
- डाऊनीची फवारणी वेळेवर

वाफसा आल्यावर पहिला हप्ता कॅल्शियम नायट्रेटचा द्या. त्यात साडेपंधरा टक्के नत्र असतं, जवळजवळ सगळं नायट्रेट रूपात. एकरी दोन-तीन किलोपासून सुरुवात करा. हा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, माती-देठ अहवाल वेगळं सांगत असेल तर अहवाल धरा. एकाच टाकीत ते सल्फेट किंवा फॉस्फेटच्या खतात मिसळू नका, साका होऊन ड्रिपर बंद पडतात. दोन दिवस चांगलं ऊन पडल्याशिवाय मी तरी 12:61:00 (अमोनियमचंच विद्राव्य खत) किंवा युरियाला हात लावत नाही. आणि वाफशाआधी कॅल्शियम नायट्रेटसुद्धा नको, साचलेल्या पाण्यात नायट्रेट हवेत उडून जातं.

दुकानदार या दिवसांत 'पांढऱ्या मुळीची' म्हणून बाटली पुढे करतो. हजाराच्या बाटलीने चिखलातल्या मुळीला हवा मिळत नाही. ती दोन माणसं आणि कुदळीने काढलेल्या चरातून मिळते.

कच्चं कोंबडखत हाही अमोनियमचाच साठा. ढिगाशी गेल्यावर डोळे चुरचुरत असतील तर ते कुजलेलं नाही. ते मुळीजवळ टाकू नका.

टोमॅटोचीही तीच गत. ओल्या जमिनीत अमोनियम जास्त झालं की कॅल्शियम वर जात नाही आणि फळाचं बूड काळं पडतं. भात याला अपवाद. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याची खाचरं साचलेल्या पाण्यात अमोनियमवरच पोसतात, देठ-मुळांतल्या पोकळ वाटांनी भात मुळीपर्यंत हवा नेतो. तिकडचा अनुभव इकडच्या बागेला लावू नका.

कांद्यालाही नत्र जपूनच द्या. शिफारस हेक्टरी 100:50:50 किलो नत्र, स्फुरद, पालाश. निम्मं नत्र लागवडीला, उरलेलं दोन हप्त्यांत, म्हणजे दर हप्त्याला एकरी साधारण 22 किलो युरिया, अर्धी गोणी. 45 किलोची गोणी 266 रुपयांच्या आसपास मिळते, स्वस्त म्हणून हात सैल सुटतो. रांगड्याचा (खरीप आणि उन्हाळी यांच्या मधल्या कांद्याचा) हप्ता ऐन थंडीत येतो. निफाडकडे पारा दहाच्या खाली गेला की अमोनियमचं नायट्रेट होणं मंदावतं. अशा आठवड्यात हप्ता चार-सहा दिवस पुढे ढकला, पारा चढू द्या, वाफसा बघा. चुनखडीच्या जमिनीत युरिया वर उघडा पडला की अमोनिया होऊन उडतो, म्हणून टाकल्यावर मातीआड करा किंवा लगेच हलकं पाणी द्या. लागवडीपासून 60 दिवसांनंतर मात्र नत्र बंद. उशिरा दिलेल्या नत्राने मान जाड होते आणि तो कांदा चाळीत टिकत नाही.